कचऱ्याची वही, झोपेची वही

३ फेब्रुवारी

सप्टेंबरपासून एक ओळ नाही. माफ कर. सबब सांगायला बसले तर तीही खोटीच निघेल. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासायच्या आणि घरी येऊन स्वतःची करायची – जिवावर येतं, एवढंच खरं.

आज उघडली, कारण नवीन काम आलं आहे आणि ते मला आवडलं आहे. काम आवडलं की मी घाबरते. जहाजावरच्या कचऱ्याच्या नोंदवहीचा नियम. आत्तापर्यंत फक्त मोठ्या जहाजांना ही वही ठेवावी लागे, आता छोट्यांनाही – शंभर टनांपासून चारशेपर्यंत. कचरा समुद्रात टाकला किंवा बंदरात दिला की प्रत्येक वेळी तारीख, वेळ, ठिकाण, प्रकार, किती, आणि अधिकाऱ्याची सही. नियम लागू करण्याआधी आमच्या खात्याने सांगायचं, की त्याचा बोजा किती पडेल. खात्याने म्हणजे मी.

साहेब म्हणाले, "सगळं एका आकड्यावर उभं आहे, मॅडम. एका नोंदीला किती मिनिटं? तेवढं आणा. पुढचा गुणाकार मशीन करेल." बोजा मर्यादेच्या आत बसला तर नियम 'हलका' – एका सहीने पुढे. वर गेला तर 'भारी' – समित्या, पूर्ण अभ्यास, दोन वर्षं. आणि आमच्याकडची दोन वर्षं म्हणजे काय, ते कपाटं जाणतात. साहेब नऊ वर्षं या नियमामागे लागलेत. तो हलका हवा असं ते म्हणाले नाहीत. गरज नव्हती.

तीन छोटी जहाजं चाचणीसाठी वही ठेवायला तयार झाली आहेत. एकावर दादा मेट आहे – कप्तानाच्या खालचा एकमेव अधिकारी. मी लगेच सांगून टाकलं, माझा सख्खा भाऊ आहे, दुसरं कुणी पाठवा. साहेब हसले. "सख्खा ना? मग निदान चहा तरी बरा मिळेल. तुम्हीच जा."

६ फेब्रुवारी

जहाजावर गेले होते. जेवायच्या खोलीत दादाने टेबलावरचं रबरी कापड पुसलं, वही उघडली. खोलीला डिझेलचा आणि शिजलेल्या कांद्याचा वास. कोपऱ्यात तीन रंगांचे डबे, दोन रिकामे.

"बसा, मास्तरीणबाई. थोड्या नोंदी राहिल्यात, करूनच दाखवतो. लाव घड्याळ."

लावलं. अकरा नोंदी झाल्या. मी प्रत्येकीची सुरुवात, शेवट टिपला, सेकंदासकट. सरासरी दोन मिनिटं चाळीस सेकंद. एकाच भेटीत अकरा मोजमापं! इतर दोन जहाजांवर मिळून सहाच मिळाली होती, आकडा साधारण तोच. परत येताना बसमध्ये मनात गुणाकार केला. हलका. आरामात हलका.

चहा खरंच बरा होता.

८ फेब्रुवारी

मूर्ख. मूर्ख.

आज प्रती टेबलावर पसरल्या. अकरा नोंदी – पहिली चोवीस जानेवारीची, शेवटची सहा फेब्रुवारीची. माझ्या समोर दादाने दोन आठवडे लिहिले. एक पेन, एक शाई, एक हात, एक बैठक. आणि मी घड्याळाकडे पाहत होते. कागदाकडे नाही.

म्हणजे मी नोंद ठेवायला लागणारा वेळ मोजलाच नाही. नोंद बनवायला लागणारा मोजला.

इतर दोन जहाजांच्या प्रती काढल्या. तिथेही तीच तऱ्हा. एकीवर तर चहाच्या कपाचं एकच वर्तुळ चार तारखांवर पसरलेलं.

दादाला फोन केला. तो हसला. "मग तुला काय वाटलं? कचऱ्याच्या पिशवीमागे रोज पेन घेऊन धावतो मी?"

"मग हे आकडे कुठून आणलेस? शून्य पूर्णांक एक घनमीटर, शून्य पूर्णांक दोन?"

"सात माणसं काय खातात ते मला माहीत नाही? अंदाज आहे."

"याला खोटं म्हणतात, दादा."

मग म्हणाला, "तू लहानपणापासून अशीच. बरं. लिहितो खरं. पुढच्या फेरीची प्रत्येक पिशवी वेळच्या वेळी. मग तर झालं?"

झालं, म्हणाले मी. आवाजात विजय होता माझ्या. तो आत्ता लिहिताना ऐकू येतोय.

१४ फेब्रुवारी

काही नाही. सर्दी. साहेब विचारतात, मिनिटं आली का. सांगितलं, येताहेत.

१ मार्च

दादाचं जहाज आलं. धक्क्यावर गेले. तीन आठवड्यांची वही, एकतीस नोंदी. निळी शाई, काळी शाई, एक पेन्सिलने, एका पानावर पाण्याचे थेंब. अक्षर कधी सरळ, कधी लाटेबरोबर कललेलं. किती सुंदर वही! प्रत्येक नोंदीपुढे दादाने बारीक अक्षरात वेळही टाकला आहे – एकोणीस मिनिटं, चोवीस, सोळा, पस्तीस. स्वयंपाक्याला गाठायचं, पिशव्या वेगळ्या करायला लावायच्या, मापायचं, वर ब्रिजवर, जहाज चालवायच्या खोलीत, जाऊन ठिकाण बघायचं, खाली येऊन लिहायचं. बंदरात तर कचऱ्याची गाडी येईपर्यंत धक्क्यावर उभं राहायचं आणि पावतीसाठी ड्रायव्हरच्या मागे लागायचं. सरासरी एकवीस मिनिटं.

तिथल्याच दुकानात सगळ्याची झेरॉक्स काढली. कामाच्या तासांचा तक्ता भरायचा म्हणून विश्रांतीच्या वहीचीही – कुणी कधी आराम केला ते रोज लिहितात ती – काढून घेतली. दादा बाकावर बसून होता. डोळ्यांखाली काळं. म्हटलं, आजारी आहेस का?

"नाही गं. परवा उभ्या उभ्या डोळा लागला ब्रिजवर. दोन मिनिटं असेल. उघडला तर समोर मासेमारीची होडी. आतला म्हातारा मला हात करत होता. हात म्हणजे – शिव्याच असाव्यात, ऐकू कुठे येतंय."

तो हसला, मीही हसले. मी हसले, याची इथे नोंद असू दे.

४ मार्च

आज दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या.

जहाजावर ब्रिजचे पहारे दोघांतच वाटलेले आहेत, कप्तान आणि दादा. सहा तास हा, सहा तास तो. दादाचा पहारा बारा ते सहा – दुपारचा आणि रात्रीचा. सकाळी सहा ते बारा आणि संध्याकाळी सहा ते बारा त्याची विश्रांती. कायद्याला त्यातले एकदा तरी सलग सहा तास हवेत, अखंड. विश्रांतीच्या वहीत ते रोज अखंड आहेत. रोज दादाची सही, शेजारी कप्तानाची.

कचऱ्याच्या वहीत मात्र: सकाळी नऊ दहा. संध्याकाळी आठ पंचवीस. सकाळी साडेनऊ. न्याहारी आणि जेवण उरकलं की स्वयंपाकी पिशव्या बाहेर काढतो, आणि समुद्र तर वाट बघत नाही, बंदरही नाही. पहाऱ्यावर असताना दादाला ब्रिज सोडता येत नाही, तो एकटाच असतो. कप्तानालाही नाही. खलाशाची सही चालत नाही, अधिकाऱ्याचीच हवी. म्हणजे जो मोकळा असेल त्याने करायचं, आणि मोकळा तोच, जो झोपलेला आहे.

एकतीसपैकी सव्वीस नोंदी दादाच्या झोपेत पडतात. एक वही म्हणते तो गाढ झोपला होता, दुसरी म्हणते तो डेकवर पिशवी मापत होता. दोन्हींवर सही एकाच माणसाची.

खरं लिहायचं तर झोपायचं नाही. झोपायचं तर वही खोटी. तिसरं काही या जहाजांवर शक्यच नाही, आणि अशी जहाजं तीनशे बारा आहेत.

हे अहवालात लिहायला हवं. हाच तर खरा बोजा. आनंदाने उठून पाणी प्यायले. परत बसले, तेव्हा कुठे कळलं मी काय मांडते आहे. खोटी विश्रांतीची वही म्हणजे दादाचा परवाना निलंबित. त्याला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. चोपन्नाव्या वर्षी, परवान्यावर डाग असलेला मेट कोण घेईल?

नावाशिवाय लिहिलं तरी तीनच जहाजं. त्यात खरी वही एकाचीच. शेंबडं पोरही ओळखेल.

५ मार्च

साहेबांना विचारलं. दादाचं नाव न घेता, 'समजा' म्हणत. तेही 'समजा' म्हणतच बोलले. आम्ही दोघं मोठे सभ्य.

"समजा एकवीस मिनिटं धरली. कामाच्या वेळेत धरली तर नियम भारी. गेला कपाटात. मालक मंडळी पेढे वाटतील. विश्रांतीत धरली तर मालकाच्या खिशातून काहीच जात नाही. बोजा शून्य. पण मग आपणच लिहून देतो, की विश्रांतीचा कायदा मोडल्याशिवाय आपला कायदा पाळता येत नाही. ते लिहिणार आहात?"

"झोपेचा रकाना घालता येणार नाही का, सर?"

"झोपेचा दर काय, मॅडम?"

चेष्टा नव्हती ती. खरंच विचारत होते. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मी किनाऱ्यावर वाढलो. पायाला प्लॅस्टिक लागल्याशिवाय पाण्यात उतरता यायचं नाही. नियम तर होऊ दे. मग लोक हळूहळू पाळायला शिकतात."

साहेब वाईट माणूस असते तर माझं सोपं झालं असतं.

९ मार्च

वहिनी आल्या होत्या. दादा परत फेरीवर. त्यांनी माझ्या गॅसची शेगडी पुसली, न विचारता – मन थाऱ्यावर नसलं की त्या दुसऱ्यांची घरं पुसतात.

"तू काय भरवलंस गं यांच्या डोक्यात? मागच्या खेपेला घरी आले तर जेवता जेवता झोपले. घास हातात. मी म्हटलं, गेले की काय."

मी म्हटलं, माझंच काम आहे, चुकलं जरा.

"दोन वर्षं काढू देत. मग बसू देत घरी, वाटू देत माझ्या डोक्यावर मिरे. पण ही दोन नीट जाऊ देत." मग हळूच, "काही होणार नाही ना? ते म्हणतात तू काहीतरी दोन वह्या शेजारी ठेवल्यास."

म्हणजे दादाला कळलं आहे. मी सांगितलं नव्हतं. त्यालाही वह्या शेजारी ठेवता येतात.

काही होणार नाही, असं मी म्हटलं. कुठल्या अधिकाराने?

११ मार्च

दादाचा फोन. मागे वारा.

"ते लावू नकोस."

"मीच तुला खरं लिही म्हटलं होतं."

"आणि मी लिहिलं. हात दाखवून अवलक्षण! तीस वर्षं खोटं लिहिलं, कुणी विचारलं नाही. तीन आठवडे खरं लिहिलं तर परवाना जायची वेळ." हसला नाही. "कप्तानही जाईल माझ्याबरोबर. त्याचं पोर अजून शाळेत आहे."

"आणि तो होडीतला म्हातारा, दादा?"

मग, "तो वाचला ना," म्हणाला. "पुढच्या वेळचं पुढच्या वेळी."

१४ मार्च

मसुदा दिला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. सतरा मोजमापांची सरासरी, तीन जहाजं. एकही शब्द खोटा नाही – मोजलीच होती ती मी. एकवीस मिनिटांचा उल्लेख नाही, विश्रांतीच्या वहीचा नाही. नियम हलका. साहेबांनी पहिल्यांदाच माझ्या खुर्चीशी येऊन आभार मानले. माझ्या टेबलावरचा स्टेपलर हातात घेऊन, उगीच.

मी दादाला वाचवलं, असं म्हणायला मला आवडेल. पण कागदावर तर मी फक्त एक सोयीचा आकडा दिला आहे. दादा नसता तर दिला नसता, हे मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. ते म्हणता आलं असतं तर निदान हे पाप तरी प्रेमाचं ठरलं असतं.

नियम लागू झाला की तीनशे बारा जहाजांवर कुणी एका बैठकीत समुद्र लिहून काढेल. आणि एखादा, ज्याला कुणी मास्तरीण बहीण असेल, तो खरं लिहील आणि पहाऱ्यावर पेंगेल. त्या जहाजासमोर होडी असेल की नसेल, हे आमच्या तक्त्यात येत नाही.

१७ मार्च

साहेब सांगून गेले: परवा तपासनीस येणार, अहवालातले आकडे मूळ वह्यांशी ताडून बघणार. तिन्ही वह्या मागवल्या आहेत.

हे माझ्या लक्षातच नव्हतं. दादाची वही उघडली की एकवीस, सोळा, पस्तीस, सगळं त्याच्याच अक्षरात. मी ते का वगळलं, हा पहिला प्रश्न. दुसरा, मग हा माणूस झोपला कधी, तो आपसूक विचारेल.

दादाचं जहाज उद्या धक्क्याला लागतंय; त्याला फोन केला, एवढंच सांगितलं की मूळ वही पाठवावी लागेल. "बरं," म्हणाला. फार शांतपणे.

दुपारी आवक-जावकवाल्या बाई खण लावायला आल्या. झेरॉक्सचा गठ्ठा दिसला त्यांना. "हा कधीपासून आहे इथे? याला आवक नंबर नाही."

म्हटलं, माझाच आहे, घरी नेईन.

"न्या. नंबर नाही म्हणजे कागद आलाच नाही, ताई. आणि एकदा नंबर पडला की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही, हे लक्षात ठेवा."

गठ्ठा घरी आणला नाही. तिथेही ठेवावासा वाटला नाही. शेवटी ठेवला तिथेच.

१८ मार्च

झोप नाही. माझ्या झोपेचाही दर विचारायला हवा कुणाला तरी.

१९ मार्च

तपासनीस येऊन गेला. पाऊण तास. सगळं जुळलं.

दादाची वही नवी कोरी होती. एक पेन, एक शाई. आधीच्या अकरा उतरवलेल्या, आणि पुढच्या एकतीस नोंदी, सगळ्या बरोबर सहाच्या ठोक्याला, पहारा सोपवताना. झोपेत एकही नाही. वेळाचे ते बारीक आकडे नाहीत. पहिल्या पानावर कप्तानाची टीप – आधीची वही पाण्यात पडून खराब झाल्याने नक्कल केली आहे. तपासनीसाने बोटाने पान थोपटलं. "छोट्या जहाजावर इतकी नीटनेटकी वही! नमुना म्हणून लावा ही. बाकीच्यांना दाखवायला."

संध्याकाळी दादाचा फोन आला. दमलेला नव्हता. खूप दिवसांनी नीट झोपल्यासारखा आवाज.

"झालं ना? आता झोप निवांत. आणि ऐक, नवी वही उतरवताना मी घड्याळ लावलं होतं. गंमत म्हणून. नोंदीला दोन मिनिटं चाळीस. तुझा आकडा बरोबर होता, मास्तरीणबाई."

आता सगळे कागद एकमेकांशी जुळतात. त्याची वही, विश्रांतीची वही, माझा अहवाल. नमुना म्हणून तीच वही तीनशे बारा जहाजांवर जाईल. न जुळणारा गठ्ठा एकच, माझ्या खणात, नंबराशिवाय.

उद्या: दहाच्या आत गठ्ठ्यावर आवक नंबर घालून घेणे.